प्राट : बोलण्याचा हेल डोळ्यांना दाखवणारं सॉफ्टवेअर

धुळ्यात देवपूर भागात मी वाचा-उपचाराचं काम करते. साक्री, पिंपळनेर, शिरपूर, शिंदखेडा, कधी थेट नंदुरबारहून आईबाप मुलांना घेऊन येतात. कोणी उशिरा बोलायला लागलेलं असतं, कोणाच्या कानामागे श्रवणयंत्र असतं, कोणाचं कॉक्लिअर इम्प्लांट झालेलं असतं, म्हणजे शस्त्रक्रियेने कानात बसवलेलं, आवाजाचे विजेचे संकेत थेट नसेला देणारं यंत्र. या कामात माझ्या टेबलावर रोज उघडं असणारं सॉफ्टवेअर म्हणजे 'प्राट'. अॅमस्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बोर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक या दोघांनी ते नव्वदच्या दशकात लिहायला घेतलं आणि आजही त्याच्या नव्या आवृत्त्या निघतात. पूर्ण मोफत आहे. जगभरचे ध्वनिशास्त्राचे अभ्यासक तेच वापरतात. खानदेशातल्या विशेष शिक्षकांनी, अंगणवाडीशी संबंध असणाऱ्यांनी आणि अहिराणीवर मनापासून काम करणाऱ्यांनी ते घ्यावं असं मला वाटतं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

घ्यायला सोपं आहे. प्राट डॉट ऑर्ग उघडायचं, आपल्या संगणकाला लागू होणारी फाइल उतरवायची, विंडोजवर असाल तर झिप सोडवून सरळ चालवायची. फाइल लहान आहे, जुन्या लॅपटॉपवरही अडत नाही. उघडलं की दोन खिडक्या येतात. चित्रांची खिडकी बंद करून टाका, आपल्याला तिचं काम सहसा पडत नाही. दुसरीतून आवाज रेकॉर्ड करायचा आणि 'व्ह्यू अँड एडिट' दाबायचं. वर आवाजाची लहर दिसते, खाली करड्या रंगाचा पट्टा, आणि त्या पट्ट्यावरून धावणारी निळी रेघ. ही निळी रेघ म्हणजे सूर, म्हणजे स्वरतंतू सेकंदाला किती वेळा थरथरताहेत त्याचा आलेख. पुरुषाचा बोलण्यातला सूर साधारण 100 ते 120 हर्ट्झच्या आसपास असतो, बाईचा 200च्या आसपास, तान्ह्या बाळाचं रडणं 400 ते 500वर. दुसरी एक रेघ आवाजाचा जोर दाखवते. या दोन रेघांवरच माझं निम्मं काम चालतं.

एक उदाहरण सांगते. इम्प्लांट झालेला चार वर्षांचा एक मुलगा साक्रीहून आईबरोबर येतो. टेबलावर स्टीलच्या तीन वाट्या पालथ्या घालते आणि एकीखाली चिंचोका लपवते. आई पहिल्या वाटीवर बोट ठेवून त्याला विचारते, "आठे शे?" वाटी उचलते. रिकामी. दुसरी. "आठे शे?" तीही रिकामी. तिसरी उचलली की दोघं मिळून, "आठे शे!" शब्द तेच, अक्षरं तीच. ज्यांना अहिराणी येत नाही त्यांच्यासाठी, 'इथे आहे' एवढाच अर्थ. प्राटवर मात्र दोन्ही रेघा एकमेकींशी मुळीच जुळत नाहीत. विचारताना आईचा सूर 210च्या आसपास सुरू होऊन 'शे'वर 340पर्यंत चढतो. सापडल्यावर 'आठे'वरच उसळी असते आणि 'शे' खाली 180पर्यंत घसरतं. मुलगा आधी दोन्ही वेळा सपाट बोलायचा. आता तो पडद्याकडे बघतो, आईची रेघ बोटाने गिरवतो आणि आपली रेघ तशी चढते का ते पाहतो. चढली की टाळ्या पिटतो. कानाला जे नीट पोचत नाही ते डोळ्याला पोचतं, आणि डोळ्यावाटे गळ्याला.

प्रश्न विचारताना सूर वर का जातो? या प्रश्नाची मला विलक्षण ओढ आहे, कारण तो थेट माणूस माणूस होण्याच्या आधी नेतो. बोलता बोलता श्वास सरत येतो, छातीतला दाब उतरतो आणि सूरही आपसूक खाली येतो. साधं विधान असंच खाली येऊन टेकतं. प्रश्नात आपण त्या उताराच्या विरुद्ध जाऊन गळ्याचे स्नायू ताणतो. बर्कलीचे ध्वनिशास्त्रज्ञ जॉन ओहाला यांनी 1980च्या दशकात याची उपपत्ती मांडली. मोठ्या अंगाच्या प्राण्याचा आवाज जाड, लहान अंगाच्याचा बारीक. म्हणून धमकावणारा आवाज खाली उतरवतो आणि नमतं घेणारा वर चढवतो. त्याआधी 1977मध्ये यूजीन मॉर्टन यांनी पक्षी आणि सस्तन प्राण्यांच्या आवाजांवरून हेच दाखवलं होतं. गल्लीतला कुत्रा गुरगुरतो तेव्हा आणि शेपूट घालून कुंईकुंई करतो तेव्हाचे दोन आवाज आठवा. ओहालांचं म्हणणं, प्रश्न विचारणारा ज्याला माहीत आहे त्याच्यापुढे क्षणभर लहान होतो, म्हणून बऱ्याच भाषांत प्रश्नाचा सूर चढा आणि ठाम विधानाचा उतरता. सगळ्या भाषांना हा नियम लागत नाही, पण ज्या भाषांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही अशाही भाषांत तो सापडतो. साक्रीच्या त्या ताई चिंचोका शोधताना जे करतात त्याची मुळं इतकी खोल असावीत.

प्राटमधली माझी सगळ्यात आवडती सोय म्हणजे 'मॅनिप्युलेशन'. रेकॉर्ड केलेल्या वाक्याचा सूर ठिपक्यांच्या रूपात समोर येतो आणि ते ठिपके माऊसने ओढून वरखाली करता येतात. शब्द तेच राहतात, आवाजही त्याच बाईचा राहतो, फक्त हेल बदलतो. 'आठे शे' या विधानाचे शेवटचे ठिपके वर ओढले आणि वाजवलं, की त्याच ताई प्रश्न विचारताना ऐकू येतात. आईवडिलांना हेल म्हणजे काय हे तासभर समजावण्यापेक्षा हे एकदा ऐकवलेलं बरं. चेहरेच बदलतात.

दुसरी सोय गाळणीची. 'फिल्टर'मध्ये जाऊन 400 हर्ट्झच्या वरचं सगळं काढून टाकायचं. मग उरतं ते शेजारच्या खोलीतून भिंतीपलीकडून येणाऱ्या बोलण्यासारखं. शब्द एकही कळत नाही, पण कोण रागावलंय, कोण समजूत काढतंय, वाक्य कुठे संपलं, ते सगळं कळतं. पोटातल्या बाळाला आईचं बोलणं जवळपास असंच पोचतं. शेवटच्या तीन महिन्यांत बाळाचे कान काम करू लागलेले असतात, व्यंजनांचा बारकावा वाटेत विरतो, सूर आणि ताल मात्र पोचतात. 1980मध्ये डीकॅस्पर आणि फिफर यांनी दाखवलं की नुकतं जन्मलेलं बाळ परक्या बाईपेक्षा आईचा आवाज पसंत करतं. 1988मध्ये झाक मेलेर आणि सहकाऱ्यांना आढळलं की फ्रेंच घरातली चार दिवसांची बाळं फ्रेंच आणि रशियन बोलण्यातला फरक ओळखतात, आणि बोलणं असं गाळून ऐकवलं तरी ओळखतात. 2009चा जर्मनीतला अभ्यास तर मी प्रत्येक आईला सांगते. बिर्गिट माम्पे, कॅथलीन वेर्मके आणि सहकाऱ्यांनी 30 फ्रेंच आणि 30 जर्मन नवजात बाळांचं रडणं तपासलं. तीन ते पाच दिवसांची बाळं. फ्रेंच बाळांच्या रडण्यात सूर चढत जाणारा जास्त, जर्मन बाळांच्या रडण्यात उतरत जाणारा, ज्याच्या त्याच्या भाषेच्या हेलाप्रमाणे. बाळ जन्माला येतानाच आईच्या बोलीचा हेल घेऊन येतं. मग धुळ्याच्या सिव्हिलमध्ये जन्मणाऱ्या बाळाच्या रडण्यात अहिराणीचा हेल असेल का? हे कोणीतरी मोजायला हवं, आणि मोजायचं साधन फुकट पडलेलं आहे.

गाळलेलं बोलणं ऐकवताना माझा स्वतःचा जीव मात्र कासावीस होतो, कारण समोर बसलेलं मूल जन्मतः बहिरं असेल तर त्याचे हे तीन महिने कोरे गेलेले असतात. त्यानंतरची एक, दोन, कधी तीन वर्षंही. इतरांना पोटातच मिळालेला सूर त्याला कानात यंत्र बसल्यावर पहिल्यांदा भेटतो, आणि तोही अर्धामुर्धा. निरोगी कानात ध्वनी टिपणाऱ्या आतल्या पेशी साधारण 3500 असतात, इम्प्लांटमध्ये 12 ते 22 इलेक्ट्रोड. त्यातून बोलण्याचा ठेका, लांबी, जोर यांचे चढउतार चांगले जातात, सुराचा बारीक फरक जात नाही. म्हणून अशा मुलाबरोबर मी आधी ताल धरते, सूर मागून.

तालासाठी जोराची रेघ बघायची. 'काय करी ऱ्हायना' हे अगदी रोजचं वाक्य घ्या. रेघेवर पाच टेकड्या दिसतात, काय, क, री, ऱ्हाय, ना, आणि निवांत बोललं तर सगळं मिळून सेकंदाच्या आसपास. जगातल्या ज्या ज्या भाषा मोजल्या गेल्या त्यांत हा वेग सेकंदाला चार-पाचच्या आसपासच पडतो. कुठून आला हा वेग? पीटर मॅकनिलेज यांनी 1998मध्ये मांडलं की बोलण्याचा साचा जबड्याच्या उघडझापीतून, म्हणजे मुळात चघळण्या-चोखण्यातून आला. जबडा उघडला की स्वर, मिटला की व्यंजन. पुढे माकडांवर काम झालं. मॅकाक माकडं एकमेकांशी गोडीने वागताना ओठ पटापट चाटल्यासारखे हलवतात, आवाज जवळजवळ नसतो, आणि तो वेग निघाला सेकंदाला पाचच्या आसपास. चघळण्याचा वेग त्याहून कमी आहे. म्हणजे ओठांचा हा ठेका जेवण्यापासून सुटून मैत्रीच्या कामाला आधीच लागला होता. इथियोपियाच्या डोंगरातली जेलाडा माकडं तर ओठ हलवता हलवता आवाजही काढतात. 2013मध्ये त्यांचा ठेका मोजला गेला आणि तो माणसाच्या बोलण्याशी मिळताजुळता निघाला. हे वाचल्यापासून सहा-सात महिन्यांचं बाळ बाबाबाबा, दादादादा करायला लागलं की मी ते फार लक्ष देऊन ऐकते. त्या बडबडीत अर्थ नसतो, साचा असतो. ऐकू न येणाऱ्या बाळांत हा टप्पा खूप उशिरा येतो, म्हणून पालकांनो, दहा-अकरा महिने झाले तरी बाबाबा नाही असं दिसलं तर "आमच्याकडे सगळेच उशिरा बोलतात" म्हणून थांबू नका. कान तपासून घ्या.

सूर एक वाट, ताल दुसरी वाट. माणसात त्या एकत्र आल्या आणि त्यांच्यावर शब्द बसले, असं मला या सगळ्यातून वाटतं. डार्विनने 1871मध्येच अंदाज केला होता की शब्दांच्या आधी आपले पूर्वज गाण्यासारखं काहीतरी करत असावेत, गिबनांसारखं. गळा मातीत टिकत नाही, त्यामुळे थेट पुरावा मिळत नाही, पण आडवाटेने मिळतो. 1999मध्ये मॅकलार्नन आणि ह्यूइट यांनी पाठीच्या मणक्यांची पोकळी मोजली. छातीच्या स्नायूंना जाणाऱ्या नसा तिथून जातात. सुमारे 15 लाख वर्षांपूर्वीच्या मानवात ती अरुंद, निअँडरथाल आणि आपल्यात रुंद. श्वास बारीक हिशोबाने सोडायची क्षमता मधल्या काळात आली असा त्यांचा निष्कर्ष. 2022मध्ये जपानच्या ताकेशी निशिमुरा यांच्या गटाने 43 प्रजातींच्या वानरवर्गीयांचे गळे तपासले. इतरांच्या स्वरतंतूंना वर पातळ पापुद्रा असतो, त्याने आवाज मोठा आणि कर्कश होतो, मधेच फाटतो. माणसात तो पापुद्राच उरलेला नाही, म्हणून आपला सूर स्थिर धरता येतो. काही गमावून मिळालेली ही देणगी आहे.

आणि ती देणगी आपण घरात काय करतो? हे पुनरावलोकन लिहायला मला खरं तर याच गोष्टीने बसवलं. इम्प्लांट झाल्यावर अनेक आयांना कोणीतरी सांगतं, "आता मुलाशी शुद्ध मराठीतच बोला, अहिराणी बंद." माझ्याकडे आलेल्या एका ताईंनी पहिल्याच भेटीत डोळ्यांत पाणी आणून विचारलं होतं, "मॅडम, आम्ही घरमा अहिराणीच बोलतस. पोऱ्याले शुद्ध कोन शिकाडी?" मी त्यांचं बोलणं दोन्हीकडून रेकॉर्ड केलं. आधी मुलाशी पुस्तकी मराठीत: "हा चेंडू आहे. चेंडू लाल आहे." निळी रेघ जवळजवळ आडवी, 200च्या थोडी वर, थोडी खाली, आणि प्रत्येक शब्दानंतर चाचपडल्यासारखी थांबलेली. मग म्हटलं, ताई, आता घरी बोलता तसं बोला. तोच चेंडू, पण रेघ 180 ते 400 अशी उड्या मारत निघाली, शब्द लांबले, मधल्या जागा ठेक्यात पडल्या. मुलगा पुस्तकी मराठीच्या वेळी खिडकीबाहेर बघत होता, या वेळी आईच्या तोंडाकडे. दोन्ही आलेख छापून त्यांच्या हातात दिले आणि सांगितलं की अहिराणीच बोला, पोटभर बोला, लाडाने बोला. शाळेची मराठी शाळेत येईल, तिला घाई नाही.

बाळाशी बोलताना सूर उंचावणं, वाक्य आखूड करणं, हेल वाढवणं हे जगभर चालतं. 2022मध्ये 21 समाजांतल्या 410 माणसांचं बोलणं आणि गाणं तपासून हे पुन्हा दाखवलं गेलं. शहरांपासून दुर्गम वस्त्यांपर्यंत. पण ही लाडाची बोली आईला तिच्या स्वतःच्या बोलीत जमते. परीक्षा देत असल्यासारखी बोलणारी आई हेल विसरते, आणि या मुलांना नेमकं तेच हवं असतं. धडगावच्या पावरी बोलणाऱ्या आईलाही मी हेच सांगते, जरी तिची बोली मला नीट समजत नाही. प्राटला बोली समजावी लागत नाही, हे त्याचं मोठं बळ.

आता अडचणी, कारण त्या आहेत. सगळे मेनू इंग्रजीत आहेत आणि दिसायला रुक्ष आहेत. लहान मुलासाठी रंगीत खेळ वगैरे यात नाही, खेळ आपण घडवायचा, म्हणून तर वाट्या आणि चिंचोके. सुराची मर्यादा स्वतः बसवावी लागते. मी पुरुषांसाठी 75 ते 300 ठेवते, बायकांसाठी 100 ते 500, मुलांसाठी वरची हद्द आणखी वाढवते. ही बसवली नाही तर रेघ अचानक दुपटीवर किंवा निम्म्यावर उडी मारते आणि नवखा माणूस तो खरा सूर समजतो. क, स, फ अशा अक्षरांवर रेघ तुटते, कारण तिथे स्वरतंतू थरथरतच नाहीत. तो दोष समजू नये. घरघर, पंखा, रस्त्यावरचा हॉर्न, सगळं आत येतं. मे महिन्यात धुळ्यात 43-44 अंशांत पंखा बंद करून रेकॉर्डिंग करणं म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको, म्हणून मी उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत उरकते. मोबाइलवरचं रेकॉर्डिंग चालतं, पण आधी वेव्ह फाइल करून घ्यावी. आणि एक महत्त्वाचं: प्राट मोजतं, बरोबर-चूक सांगत नाही. रेघ सरळ आली म्हणजे मूल नापास असं मुळीच नाही. ते ठरवायला समोर बसून ऐकणारं माणूस लागतं.

खर्च विचाराल तर सॉफ्टवेअरचा शून्य. लॅपटॉप जुना चालतो, बऱ्यापैकी यूएसबी माइक घ्या आणि तोंडापासून वीतभर अंतरावर, जरा बाजूला ठेवा. लॅपटॉपच्या आतल्या माइकवर सूर कळतो, जोराची रेघ भरवशाची येत नाही.

उपचाराबाहेरही याचा उपयोग आहे. आपल्याकडे पाणिनीने उच्चैरुदात्तः, नीचैरनुदात्तः, समाहारः स्वरितः अशी सुरांची नोंद सूत्रांत केली, वेदपाठकांनी ते सूर मुखोद्गत ठेवले. अहिराणीचा हेल मात्र असा कोणी लिहून ठेवलेला माझ्या पाहण्यात नाही, आणि तो शब्दकोशात मावणारही नाही. आखाजीला झोक्यावर गौराईची गाणी म्हणणाऱ्या, कानबाईच्या रात्री जागवणाऱ्या बायका अजून आहेत. महाविद्यालयातल्या मुलांनी त्यांची परवानगी घेऊन गाणी तर रेकॉर्ड करावीतच, पण गाण्यांच्या मधलं बोलणंही करावं, एकमेकींना हाका मारणं, चिडवणं, नातवंडाला उचलून घेताना जे बोलतात ते. गाणं बोलणं होतं कुठे आणि बोलणं गाणं होतं कुठे, ते त्या फाइलींत रेघेने दिसेल.

सुरुवात करणाऱ्याने घरातल्या एकाच माणसाचं 'आठे शे' तीन तऱ्हांनी रेकॉर्ड करावं: विचारून, सांगून आणि लांबून हाक मारल्यासारखं. नावं देऊन तीन फाइली जपून ठेवाव्यात. मराठीतून चार पानांची माहितीपुस्तिका मी आमच्याकडे येणाऱ्या पालकांसाठी लिहिते आहे. कोणत्या मेनूवर काय दाबायचं, एवढंच त्यात असेल. आकृत्यांसाठी लागणारे आवाज द्यायला दोन आया तयार झाल्या आहेत. एक शिरपूरच्या, एक पिंपळनेरच्या, आणि दोघींचा हेल वेगळा आहे.